जलद गाडी आणि ‘बघू’

सकाळी मुलुंडच्या फलाटावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला दोन गोष्टी हव्या असतात. गाडी जलद हवी, आणि ती आपल्या स्टेशनावर थांबायला हवी. मुलुंडकराला दोन्ही मिळतात. घाटकोपर, अंधेरी, बोरिवली यांचेही भागते. विद्याविहारच्या किंवा नाहूरच्या माणसाला मात्र जलद गाडी फक्त समोरून धडधडत जाताना दिसते. तो म्हणतो, एका थांब्याने काय बिघडतं? त्याचे म्हणणे खोटे नाही. एका थांब्याने खरोखरच काही बिघडत नाही. प्रत्येकाला तो एकच थांबा दिला की बिघडते. मग गाडी धीमी होते, आणि ‘पूर्वी गाड्या कशा वेळेवर धावायच्या’ म्हणून सर्वांत मोठ्याने हळहळतो तो थांबा मिळवलेला माणूसच.

मी एका छोट्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा मेंटेनर आहे. मुंबईत हे सांगायची पंचाईत होते. ‘मेंटेनन्स’ म्हटले की इथे सोसायटीचे महिन्याचे बिल, त्यामुळे आमच्या मजल्यावरच्या आजींचा कित्येक दिवस असा समज होता की मी कुठल्यातरी सोसायटीची बिले फाडतो. दोन्ही कामांत फारसा फरक नाही म्हणा. सोसायटीच्या सेक्रेटरीला पगार नसतो. मागण्या मात्र वर्षभर असतात, आणि सभेला ‘ऐनवेळचे विषय’ असतातच. माझे सॉफ्टवेअर जुन्या डीटीपी फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये बदलते. त्यात काय काय हवे याची यादी लोक मला वर्षानुवर्षे पाठवत आहेत: गुजराती हवे, पीडीएफ हवी, फोनवर चालायला हवे, जमल्यास शुद्धलेखनही तपासून द्यावे. या मागण्यांचे काय करावे यावर आमच्या धंद्यात दोन पंथ आहेत. ते एकमेकांना शिव्या देतात आणि माझ्या मते दोन्ही चुकतात.

पहिला पंथ गिऱ्हाइकाला देव मानणाऱ्यांचा. हा म्हणतो, मागणी आली हे भाग्य समजा, लोक वापरतात म्हणून मागतात, जो मेंटेनर नाही म्हणतो तो उद्धट. या पंथाचे आवडते वाक्य म्हणजे ‘एवढंसं तर आहे’. कधी दहा ओळींचे काम, कधी नुसते एक बटण.

या एवढ्याशाची किंमत कोणाला मोजावी लागते ते लॉग४जे या नावाला विचारावे. जावा भाषेतले असंख्य प्रोग्राम आपल्या हालचालींची नोंद ठेवण्यासाठी हा घटक वापरतात. सोसायटीच्या गेटवरचे रजिस्टर डोळ्यांपुढे आणा. आत येणारा नाव सांगतो, वॉचमन लिहून घेतो, संपले काम. २०१३ च्या जुलैमध्ये एका वापरकर्त्याने या रजिस्टरात एक सोय मागितली. विशिष्ट खूण दिसली, तर वॉचमनने ती नुसती न उतरवता दुसरीकडून माहिती आणून तिथे भरावी. मागणी रास्त होती, नम्रपणे केलेली होती, आणि सोबत कोडही लिहून दिलेला होता. मेंटेनरांनी तो घेतला. आठ वर्षांनी, डिसेंबर २०२१ मध्ये, जगाच्या ध्यानात आले की आपले नाव सांगण्याऐवजी कोणीही वॉचमनला ‘अमुक पत्त्यावर जा, तिथले पार्सल घरात आणून उघड’ असे सांगू शकतो, आणि वॉचमन इमानेइतबारे ते करतो. माइनक्राफ्ट या खेळात गप्पांच्या चौकटीत एक ओळ टाइप करून सर्व्हर ताब्यात घेता येत होते. धोक्याच्या मोजपट्टीवर या भगदाडाला दहापैकी दहा गुण पडले. ज्यांनी ते बुजवले, ती बहुतांशी पोटापाण्याची नोकरी सांभाळून फावल्या वेळात हे काम करणारी माणसे होती. त्यांच्यापैकी एकाने तेव्हा जाहीरपणे जे सांगितले त्याचा आशय असा: ही सोय आम्हाला कोणालाच आवडत नव्हती, पण जुन्या वापरकर्त्यांचे काही मोडू नये म्हणून ठेवावी लागली, आणि आता शिव्याही आम्हीच खातो आहोत.

या गोष्टीतला मला सर्वांत बोचतो तो सोबत आलेला कोड. ‘आम्हीच लिहून देतो, तुम्ही फक्त आत घ्या’ हा प्रस्ताव बिनखर्चाचा वाटतो. लिहिणे हा खर्चातला लहान भाग आहे. मोठा भाग पुढची दहा वर्षे तो सांभाळण्याचा, आणि तो लिहून देणाऱ्याच्या नव्हे, ठेवून घेणाऱ्याच्या खात्यावर पडतो. हे आपल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींना कळलेले आहे. सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधीत आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंडात टाका, असे ते सांगतात. इमारत नवी कोरी असतानाही टाका. सॉफ्टवेअरला असा निधी नसतो. तिथे दुरुस्ती निधी म्हणजे मेंटेनरचा रविवार.

याच पंथाचे दुसरे अस्त्र म्हणजे संख्या. इतक्या लोकांनी अंगठा वर केला, आता तरी करा! अंगठे मोजायला माझी हरकत नाही. पण ज्याचे काम नीट चालले आहे तो अंगठा वर करायला येत नाही, तो आपले काम करून घरी जातो. नव्या थांब्याच्या निवेदनावर कल्याणच्या प्रवाशाची सही नसते, कारण ते निवेदन त्याला कोणी दाखवतच नाही. मेंटेनरला त्या न आलेल्या माणसाची वकिली करावी लागते. ती करताना तो उद्धट दिसतो हे मान्य.

आता दुसरा पंथ. माझे बरेच मित्र यातले, म्हणून इथे जरा जपून. हा पंथ म्हणतो, फुकट घेतलंय ना, मग गप्प वापरा. हवं असेल तर कोड खुला आहे, स्वतः लिहा, नाहीतर फोर्क करून वेगळा संसार थाटा. कायद्याने हे बरोबर आहे. प्रत्येक परवान्यात लिहिलेलेच असते की हे जसे आहे तसे, कसल्याही हमीशिवाय. एसक्यूलाइट हे डेटाबेस सॉफ्टवेअर तर उघड सांगते की आमचा कोड सर्वांना खुला आहे, पण बाहेरून आलेला कोड आम्ही आत घेत नाही. मला त्यांचा स्पष्टपणा आवडतो. पण बाहेरचा कोड न घेणे वेगळे आणि बाहेरच्या माणसाचे ऐकूनच न घेणे वेगळे. दुसरा पंथ दोहोंची गल्लत करतो. हे मी मोठ्या शहाणपणाने लिहितो आहे, कारण ती गल्लत मी स्वतः आठ महिने केली.

घाटकोपरला एक छोटा छापखाना चालवणारे गृहस्थ माझे साधन वापरतात. त्यांनी लिहिले, तुमच्या खिडकीत ‘शोधा आणि बदला’ द्या. मला हसू आले. शोधा-बदला तर प्रत्येक एडिटरमध्ये असते, फॉन्ट बदलणाऱ्या साधनाला ते कशाला? मी उत्तर दिले, ‘बघू.’ महिन्याभराने त्यांनी पुन्हा विचारले, मी पुन्हा बघू. असे चालले होते. एकदा घाटकोपरला दुसऱ्या कामाने गेलो होतो तेव्हा त्यांच्याकडे डोकावलो. ते कुणाच्यातरी आत्मचरित्राची प्रुफे करत बसले होते.

“सर, ते तुमचं शोधा-बदला कुठवर आलं?”

“काका, पण तुम्हाला ते हवंय कशाला?”

“हे बघा ना.” त्यांनी पडद्यावर बोट ठेवले. “दुसऱ्या, तिसऱ्या, सगळीकडे रफार चढतोय. वऱ्हाडाचं बघा काय झालंय! पुस्तकात दोन-अडीच हजार ठिकाणी आहे. मी हाताने बदलतो.”

मी पाहिले आणि गार झालो. मराठीत ‘आचार्य’मधला रफार वेगळा आणि ‘दुसऱ्या’मधला आडवा ‘र’ वेगळा. जुन्या फॉन्टमध्ये दोघांना वेगळी चिन्हे असतात. माझ्या साधनात आडव्या ‘र’साठी मी साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह अशी रचना केली होती. पुढच्या एका टप्प्यात, फालतू अदृश्य चिन्हे साफ करताना, माझाच कोड ते जोडचिन्ह पुसून टाकत होता. उरलेल्या ‘र’ आणि हलन्ताचा रफार होणारच. युनिकोडमध्ये खाली नुक्ता असलेला ‘ऱ’ अशा जागी वापरला की जोडचिन्ह लागतच नाही. बदल एका ओळीचा होता. काकांनी आठ महिने दुखण्यावर गोळी मागितली, आणि ही गोळी आमच्याकडे मिळत नाही एवढ्यावर मी खूश होतो. दुखतंय कुठे हे मी विचारलेच नव्हते.

लोक ताकाला जाऊन भांडे लपवतात हे खरे. ‘अमुक बटण द्या’ म्हणतात आणि त्या बटणाने कोणते काम करायचे ते सांगत नाहीत. यात लबाडी नसते. आपल्या अडचणीवर आपणच उपाय शोधलेला असतो आणि तो मागणे अधिक सभ्य वाटते. भांडे बाहेर काढायला लावणे हे मेंटेनरचे काम आहे. ‘स्वतः लिहा’ म्हणणाऱ्याला ते भांडे कधीच दिसत नाही. काकांनी समजा माझा कोड फोर्क करून त्यात शोधा-बदलाची खिडकी बसवली असती, तर जगात एक खिडकी वाढली असती आणि रफार तसाच चढत राहिला असता.

कधी कधी मागणीच अस्सल असते, हेही या पंथाला ऐकवायला हवे. ‘ॲ’ हे अक्षर घ्या. ॲसिड, ॲम्ब्युलन्स, ॲड्रेस लिहिताना मराठीला ते रोज लागते. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागा मिळाली २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी ‘अ’वर चंद्र चढवून कसेबसे निभावून न्यायचे. युनिकोडचा नियम कडक आहे: एकदा दिलेला संकेतांक कधीही परत घेतला जात नाही. म्हणून तिथे मागणी करायची तर रीतसर प्रस्ताव लागतो. हे अक्षर कुठे छापले गेले, कोण वापरते, असलेल्या अक्षरांतून का भागत नाही, सगळे दाखवावे लागते. उशीर झाला, कबूल. पण ‘तुमची लिपी तुम्ही वेगळी बनवून घ्या’ असे कोणी म्हणाले नाही, आणि ‘घ्या, एवढंसं तर आहे’ असेही नाही. जिथे दिलेले परत घेता येत नाही तिथे चौकशी कडक असते, ती अशी.

मग करायचे काय? माझे उत्तर घाटकोपरच्या आसपासच सापडते. विद्याविहारला, म्हणजे जिथे जलद गाडी थांबत नाही अशा स्टेशनाजवळ, फ्रॅपे या कंपनीचा संसार वाढला. तिचे संस्थापक रुषभ मेहता यांच्या घरचा फर्निचर बनवण्याचा धंदा होता. विकत मिळणारे व्यवसाय-सॉफ्टवेअर तिथे बसेना, म्हणून त्यांनी स्वतःच लिहायला घेतले. त्यातून ईआरपीनेक्स्ट उभे राहिले आणि जीपीएल परवान्याखाली जगाला खुले झाले. एका कारखान्यासाठी लिहिलेले सॉफ्टवेअर शाळा वापरू लागल्या, दवाखाने वापरू लागले, शेती, हॉटेले, सेवाभावी संस्था. प्रत्येकाची गरज खरी, आणि एकेक क्षेत्र मुख्य सॉफ्टवेअरच्या पोटात येत गेले. शेवटी पोट किती मोठे झाले? २०२२ साली चौदावी आवृत्ती आली, तेव्हा शिक्षण, आरोग्य, शेती, आतिथ्य, सेवाभावी संस्था हे विभाग बाहेर काढून त्यांची वेगवेगळी ॲप करण्यात आली. कर्मचारी आणि पगार हा भाग ‘फ्रॅपे एचआर’ म्हणून वेगळा झाला. भारतीय करांचे सगळे प्रकरण ‘इंडिया कंप्लायन्स’ नावाच्या निराळ्या ॲपमध्ये गेले, आणि ते दुसरा चमू सांभाळतो.

करांचे उदाहरण जरा नीट पाहण्यासारखे आहे, कारण तिथे मागणी नाकारायची सोयच नव्हती. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. ज्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला जीएसटी कळत नाही ते भारतीय व्यापाऱ्याला निरुपयोगी. ‘कोअरमध्ये घालून टाका, एकदाचं काम होऊन जाईल’ हे त्या वेळी कोणालाही पटण्यासारखे होते. पण एकदाचे काम कधी झालेच नाही. एप्रिल २०१८ ला ई-वे बिल आले. ऑक्टोबर २०२० ला ई-इनव्हॉइस आले, पाचशे कोटींच्या वरच्या उलाढालीसाठी. मग मर्यादा शंभर कोटी झाली, मग पन्नास, वीस, दहा, आणि ऑगस्ट २०२३ पासून पाच. सरकार पायरी उतरले की व्यापाऱ्यांची नवी लाट दाराशी. जर्मनीतल्या कारखानदाराला यातले काडीचेही देणेघेणे नाही, तरी हे कोअरमध्ये, म्हणजे मुख्य सॉफ्टवेअरमध्ये, असेपर्यंत दिल्लीच्या प्रत्येक अधिसूचनेबरोबर त्याचेही सॉफ्टवेअर हलायचे. मागणी शंभर टक्के मान्य, पण तिची जागा मुख्य गाडीत नाही. तिच्यासाठी वेगळा रूळ हवा.

हा वेगळा रूळ उपनगरात राहणाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. घाटकोपरहून अंधेरीला जायचे तर पूर्वी दादरला जाऊन गाडी बदला, नाहीतर ३४० नंबरच्या बसमध्ये साकीनाक्याचा ट्रॅफिक पाहत बसा. ८ जून २०१४ ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. साडेअकरा किलोमीटरांहून थोडी कमी, बारा स्थानके. ती चालवण्यासाठी मध्य रेल्वेला एकही गाडी वळवावी लागली नाही की पश्चिम रेल्वेला वेळापत्रक बदलावे लागले नाही. अंधेरी आणि घाटकोपरला पूल जोडून दिले, झाले. (घाटकोपरच्या पुलांवर त्यानंतर जी गर्दी उसळली ती मी अंगावर झेललेली आहे. जोडणीची जागा अरुंद ठेवली की वेगळा रूळही तुडुंब होतो. सॉफ्टवेअरमध्येही अगदी असेच होते, पण ती तक्रार पुन्हा कधीतरी.) मेंटेनरचे खरे कसब पूल कुठे जोडता येईल हे ओळखण्यात आहे. ईआरपीनेक्स्टमध्ये वापरणारा स्वतःच नवे रकाने जोडू शकतो, फॉर्म बदलू शकतो, छोटी स्क्रिप्ट लिहू शकतो. मुख्य कोडला हात लावायची गरज पडत नाही. त्यामुळे ‘आमच्या पावतीवर ट्रकचा नंबर हवा’ अशा मागण्यांचा निकाल भिवंडीच्या गोदामातच लागतो.

आक्षेप येईल, की हे कंपनीला जमते, एकट्याने काय करावे? एकट्याने ‘नाही’ म्हणायला शिकावे, आणि त्याच आठवड्यात म्हणावे. आपल्याकडे नाही म्हणणे असभ्य, म्हणून ‘बघू’ हा शब्द निघाला. लग्नाच्या बोलणीत, कर्जाच्या अर्जात, नगरसेवकाच्या दारात, सगळीकडे बघू. बोलणाऱ्याला माहीत असते की तो बघणार नाही. ऐकणाऱ्याला मात्र माहीत नसते, तो थांबून राहतो. नकार मिळाला असता तर तो दुसरे साधन शोधता, कोणाला पैसे देऊन लिहून घेता, निदान आशा तरी सोडता. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे भीड मेंटेनरची आणि भीक समोरच्याच्या वाट्याला, एवढाच फरक. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा सांभाळणारे नाकारलेले प्रस्तावही कारणासकट जपून ठेवतात. पाच वर्षांनी तीच मागणी घेऊन येणाऱ्याला ते कारण वाचता येते, आणि परिस्थिती बदलली असेल तर खोडूनही काढता येते. ‘बघू’ला कारणच नसते, मग खोडणार काय?

भिडेचा फायदा घेणारेही टपलेले असतात. एक्सझी हे फायली आवळून लहान करणारे साधन लिनक्सच्या जगात सगळीकडे असते, आणि लासे कॉलिन ते जवळजवळ एकटे सांभाळत होते. २०२२ मध्ये काही अनोळखी नावे त्यांच्या मागे लागली: कामे रेंगाळली आहेत, लोक वाट पाहत आहेत, दुसऱ्याच्या हातात द्या. कॉलिन यांनी आपले मानसिक स्वास्थ्य ठीक नाही, हा बिनपैशाचा छंद आहे, असे लिहिलेही. शेवटी जिआ टॅन नावाने वावरणाऱ्या मदतनिसाला अधिकार मिळाले, आणि २०२४ च्या सुरुवातीला त्याने त्या साधनात चोरदरवाजा बसवला. आन्द्रेस फ्रॉइन्ड या अभियंत्याला आपले लॉगिन अर्ध्या सेकंदाने मंद का झाले याची शंका आली, म्हणून मार्चअखेरीस तो उघडा पडला. त्या तगादा लावणाऱ्या नावांमागे खरी माणसे होती की नाही, याविषयी दाट संशय आहे. मी यातून घेतो ते एवढेच, की ‘मला वेळ नाही, हे होणार नाही’ हे वाक्य मेंटेनरला लाज न वाटता उच्चारता आले पाहिजे, आणि ते उच्चारल्यावर इतरांनी त्याला फाडून खाऊ नये.

मी आता नवी मागणी आली की एकच प्रश्न विचारतो: हे मिळाल्यावर तुम्ही नेमके काय करणार? उत्तर आले तर आठवड्याच्या आत हो, नाही, किंवा ‘बाहेरून असे जोडा’ यांपैकी एक. जुन्या ‘बघू’च्या ढिगातले बहुतेक मी माफी मागून बंद केले. दोघा-तिघांनी रागाने पत्रे लिहिली. एकाने आभार मानले, त्याने म्हणे चार वर्षांपूर्वीच दुसरे काहीतरी वापरायला सुरुवात केली होती.

घाटकोपरच्या काकांनी मध्यंतरी आणखी एका जुन्या फॉन्टची मागणी केली. त्या फॉन्टमधली पुस्तके त्यांच्याकडे पडून आहेत, बाकी कोणी तो वापरताना मी पाहिलेला नाही. त्याच संध्याकाळी मी फोन केला.

“काका, हा मी आत घेणार नाही. पुढे त्याच्या चुका तपासायला माझ्याकडे दुसरा नमुना नाही. पण एक तक्ता पाठवतो. डावीकडे तुमच्या फॉन्टचं चिन्ह, उजवीकडे युनिकोड. तो भरून साधनाच्या शेजारी ठेवला की ते वाचेल.”

“म्हणजे नाही म्हणताय.”

“हो. नाही म्हणतोय.”

पलीकडे थोडा वेळ छपाईचे यंत्र ऐकू येत राहिले. मग ते म्हणाले, “बरं, पाठवा तो तक्ता.” पंधरा दिवसांनी तो भरून परत आला, ‘जरा बघता का’ एवढ्या ओळीसह. एका जागी ‘ल’ आणि ‘ळ’ची अदलाबदल झाली होती. तेवढी दुरुस्त करून मी त्याच रात्री पाठवून दिला.